काटवलाच्या वेलीला बँडेज

"बाई, वेलीला नवरा लागतो का?"

शामलानं विचारून टाकलं. दहावी 'ब'चा वर्ग आधी एकदम गार झाला आणि मग असा फुटला की शेजारच्या 'अ' वर्गातून कोणीतरी भिंतीवर थापा मारल्या. शेजारी बसलेल्या उत्तरानं तोंडात रुमाल कोंबला. जयानं डोकं बाकाखाली घातलं, जशी काही तिची पेन्सिल पडली होती. पेन्सिल कसली पडते! हा प्रश्न विचारायची पैज तिनंच तर लावली होती.

झालं असं होतं की मधल्या सुट्टीत डबा खाता खाता शामला बाबांच्या काटवलाच्या, म्हणजे करटोलीच्या, वेलीचं रडगाणं गात होती. तीन पावसाळे झाले, मांडवभर पिवळी फुलं, पण काटवल म्हणाल तर कढईत टाकायला एक नाही. जया लोणच्याची फोड चोखत म्हणाली, "तिले नवरा भेटला नसन वं. पाहून दे एखादा काटोलकडचा."

"काहीतरीच!"

"काहीतरीच काहून? विचार पांढरीपांडे बाईले. आता जीवशास्त्राचाच तास हाय. विचारलं तर माही नवी सायकल आज घरापर्यंत तू चालवायची, मी मागं बसते. पण तू काय विचारतं!"

हे शेवटचं वाक्य जयानं म्हणायला नको होतं. गेल्या वर्षीपर्यंतच्या शामलाचं ठीक होतं. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण या जुलैत शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत कोणीतरी तिला पुढे ढकललं. ती उभी राहिली, पहिली दोन वाक्यं साफ विसरली आणि तिसऱ्या वाक्यापासून जी सुटली ती घंटा वाजली तरी थांबेना. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता की जेवताना मीठ हवं असलं तरी ती पाटावरून उठून मागायची.

पांढरीपांडे बाईंनी खडू खाली ठेवला. वर्गाला वाटलं, आता हिची बाहेर रवानगी. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुठल्या वेलीला?"

"काटवलाच्या, बाई."

"मग लागतो."

उत्तरानं तोंडातला रुमाल काढला.

"भोपळा घ्या, दोडका घ्या," बाई म्हणाल्या, "त्यांचं एकत्र कुटुंब. नरफुलं, मादीफुलं एकाच वेलीवर. काटवलाचं तसं नाही. नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. पपईचं झाड असतं ना, तसं. फूल उचलून खाली बघायचं. पाकळ्यांच्या खाली बारीकशी काटेरी गाठ दिसली तर ती मादी. तीच गाठ पुढे फुगून काटवल होते. गाठ नसेल तर नर. तो कितीही फुलला तरी नुसता फुलतच राहणार. समजलं? आता बस. आणि हा प्रश्न कोणाच्या डोक्यातून निघाला, ते जया बाकाखालून वर आली की मला सांगेल."

वर्ग पुन्हा हसला. शामला तेवढी हसली नाही. तिच्या कानात एकच शब्द अडकून बसला होता. गाठ. असल्या गाठी तिनं पाहिल्या होत्या. स्वतःच्या घरामागच्या परसात पाहिल्या होत्या. आणि त्या गाठींचं पुढे काय झालं, तेही पाहिलं होतं.

शामलाचे बाबा महादेवराव सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. शरीरानं हेडक्लार्क, मनानं शेतकरी. काटोलकडचं गाव सोडून त्यांना वीस वर्षं झाली, तरी धरमपेठेतल्या घरामागच्या त्या टीचभर जागेला ते 'वावर' म्हणायचे. वावरात वांगी होती, मिरच्या होत्या, पुण्याची मामी ज्याला कोथिंबीर म्हणते त्या सांबाराचा वाफा होता, चमकुऱ्याची, म्हणजे अळूची, छत्रीएवढी पानं होती. संध्याकाळी कचेरीतून आले की बाबा धोतर खोचून त्यात उतरायचे आणि एकेका रोपाची चौकशी करायचे, साहेबानं कारकुनाची करावी तशी. "काय गा, कालपासून माना खाली काहून घातल्या?" असं वांग्यांना विचारायचे. "आमच्या सात पिढ्या मातीत गेल्या," हे वाक्य दर दोन दिवसांनी व्हायचंच.

पण या सातही पिढ्यांनी काटवल कधी लावलं नव्हतं. ते कोणीच लावत नाही. पावसाळ्यात ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुंपणावर आपल्या मनानं येतं, बायका टोपली घेऊन जातात आणि तोडून आणतात. वेलींमध्ये कोण नर आणि कोण मादी, हे पाहायची वेळ गावात कोणावर आलीच नव्हती. बाबांनी हौसेनं गावच्या धुऱ्यावरून काटवलाचे गड्डे खणले, ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं नागपूरला आणले आणि भिंतीलगत लावले. नेमका त्याच वर्षी दोडक्यावर रोग पडला होता. दोडक्याच्या फुलांखाली गाठी येऊन वेल सडली होती. मग काटवलाला फुलं आली आणि काही वेलींच्या फुलांखाली बाबांना गाठी दिसल्या. बिनचष्म्याच्या डोळ्यांना जशा दिसायच्या तशा दिसल्या. चष्मा कपाटात होता. तो लावणं म्हणजे म्हातारपणाच्या अर्जावर सही करणं, असं बाबांचं मत होतं.

"दोडक्याचा रोग इकडं बी आला," बाबांनी जाहीर केलं आणि साऱ्या गाठीवाल्या वेली गड्ड्यासकट उपटून भिंतीपलीकडे मागच्या गल्लीत फेकून दिल्या. राहिल्या त्या निरोगी. पुढच्या दोन्ही वर्षी हेच. गावावरून नवे गड्डे आणायचे, फुलं आली की कचेरीतल्या फायलींसारखी छाननी करायची, गाठवाल्यांना बाहेरचा रस्ता दाखवायचा. असं करत करत बाबांनी नागपुरातला सर्वांत निरोगी मांडव उभा केला होता.

आणि पलीकडे, छातीएवढ्या भिंतीच्या त्या बाजूला, पंचफुलाकाकूंचा मांडव होता. तिथे काटवलं लागायची.

पंचफुलाकाकू धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचे यजमान रूपरावकाका रेल्वेत, महिन्यातले अर्धे दिवस बल्लारशाकडे. काकूंच्या हाताला आणि जिभेला, दोन्हींना सुईची सवय. श्रावण लागला की आठवड्याला वाडगंभर काटवलं भिंतीवरून यायचीच, आणि वाडग्यासोबत एक टोचणीही. "घ्या महादेवभाऊ. फुलं तुमची देवाले वाहा, भाजी आमची खा." आई वाडगं रिकामं परत करत नसे. त्यात कधी सांबार, कधी मिरच्या, कधी वड्या घालून पाठवायची. बाबा भाजी मिटक्या मारत खायचे आणि मग हात धुताना म्हणायचे, "काहीतरी घालून राहिली ही बाई मुळात. दवाखान्यातलं टॉनिक-बिनिक."

गेल्या रविवारी मात्र कडेलोट झाला. बाबांचे मोठे साहेब जेवायला आले होते. बाबा त्यांना फुललेला मांडव दाखवत होते, साहेब वा वा करत होते, आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीवरून वाडगं आलं. "साहेब, चाखून पाहा. भाऊच्या मांडवाले नुसता मोहर येते, फळ धराले माह्या घरी येते." साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते गेल्यावर बाबांनी फर्मान काढलं.

"वेल गेली खड्ड्यात. पुढच्या रविवारी रामाजी मिस्त्रीले बोलावतो. सारं परस फरशीनं बंद करून टाकू."

आईनं लगेच मान डोलावली. चार महिने घरात येणारा चिखल पुसून तिची कंबर गेली होती. वाळवणाला फरशी मिळणार म्हणून ती मनात पापड लाटायला लागली. शामला ओरडली, "आणि मी अभ्यास कुठे करू?" पण तिचं कोणी ऐकलं नाही. काटवलाच्या मांडवाखाली उलट्या घमेल्यावर बसून ती अभ्यास करायची. म्हणजे पुस्तक मांडीवर असायचं आणि डोळे शिंपी पक्ष्यावर. वांग्याच्या दोन मोठ्या पानांना टाके घालून शिंप्यानं त्यात घरटं केलं होतं आणि बोटाएवढा तो जीव दिवसभर तिच्याच अंगावर ओरडायचा, जशी काही तीच भाडेकरू. खार यायची, दयाळ यायचा, पावसानंतर चमकुऱ्याच्या पानावर पाण्याचा गोळा इकडून तिकडे पळायचा. त्या सगळ्यावर रविवारी फरशी पडणार होती. शामलाला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून तर ती डबा खाताना रडगाणं गात होती.

पैजेप्रमाणे जयाची सायकल शामलानं चालवली. मागे बसून जया सारखी "हळू वं, हळू, मले अजून लग्न कराचं हाय," म्हणत होती. तिला तिच्या कोपऱ्यावर उतरवून शामला पळतच घरी आली आणि दप्तरासकट मांडवाखाली घुसली. काटवलाची फुलं दिवस कलल्यावर उमलतात. ती वाट पाहत बसली. उमलायला लागली तशी एकेक उचलून खाली पाहू लागली. गाठ नाही. याला नाही. यालाही नाही. अख्ख्या मांडवाला एक गाठ नव्हती. सगळे बाप्ये!

मग ती धुण्याच्या दगडावर चढली आणि भिंतीवरून पलीकडे वाकली. हाताला आलेलं पहिलंच फूल तिनं उलटं केलं. ज्वारीच्या दाण्याएवढी, केसाळ, काटेरी गाठ. दुसरं, तिसरं, सगळी तशीच.

"कोण हाय वं? फुलं तोडून राहिली का?" ड्यूटीवरून आलेल्या पंचफुलाकाकू पांढऱ्या साडीतच मागच्या दारात उभ्या होत्या.

"काकू, तुमची वेल तुम्ही कुठून आणली?"

"आणाले कायले लागते? तुह्या बाबानंच देली."

"बाबांनी?"

"देली म्हंजे फेकली. दरसाल फेकते. मले वाटलं, चांगले गड्डे हायत, वेल सुकली असन पण गड्डा जित्ता हाय. उचलले अन् लावले. आमच्या दवाखान्यात बी लोकं अशेच आणून टाकते पेशंट, काही होत नसते त्याले."

"आणि यात बिनगाठीची एकही वेल नाही?"

"एक बी नाई. काहून?"

शामलानं भिंतीवरूनच बाईंचा अख्खा तास त्यांना ऐकवला, हातवाऱ्यांसकट. ती बोलत असतानाच एक करड्या पंखांचा पतंग बाबांच्या फुलातून उडाला, तिच्या वेणीवरून गेला आणि काकूंच्या फुलावर जाऊन बसला. काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. हसता हसता त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"थांब थांब. म्हंजे तुह्या बाबाच्या फुलाबिगर माही वेल फळतच नाई?"

"नाही ना."

"अन् रविवारी तो सारं उपटून फरशी टाकणार?"

"हो."

"बाप्पा! म्हंजे माह्या मांडवाले बी कुलूपच!" काकूंनी कपाळाला हात लावला. तीन वर्षं भिंतीवरून टोचण्या मारताना त्यांना वाटलंही नव्हतं की आपली भाजी त्याच माणसाच्या जिवावर चालली आहे. "जाय, सांग त्याले. आत्ता सांग."

शामलानं रात्रीच्या जेवणाला सांगितलं. अर्थात उभी राहून सांगितलं.

बाबांनी घास तोंडापाशी धरूनच ऐकलं. "नर-मादी गाई-म्हशीत असते. पपईत असते, ते मले मालूम हाय, त्या कोपऱ्यातला नर मीच तोडला. पण काटवलात? आमच्या सात पिढ्या..."

"बाबा, बाई म्हणाल्या..."

"बाई पुस्तकातलं सांगते. गावात काय वेलींची पत्रिका पाहते कोणी? मी हेडक्लार्क हाओ का वधूवर सूचक मंडळ?"

आई तोंडाला पदर लावून हसली. कोणाच्या बाजूनं हसली, ते कळलं नाही.

"पण खरं असलं तर?" शामला हटेना.

"तर पुरावा आण. आमच्या कचेरीत तोंडी अर्ज घेत नसतात," बाबा म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. त्यांच्या दृष्टीनं फाईल बंद झाली होती.

पुरावा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शामला काकूंच्या परसात हजर. बैठकीतल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवरून काकूंनी घरचा औषधाचा डबा काढला. त्यातलं गॉज कापून त्यांनी छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या, बारीक, सफाईदार टाक्यांनी. परसातला शिंपीही लाजला असता. शामलानं वेलीवरच्या उमलायला आलेल्या कळ्या निवडल्या. काही कळ्यांना नुसतीच पिशवी बांधली, पतंग-माशी आत जायला नको म्हणून. काही कळ्या उमलू दिल्या, भिंतीपलीकडून बाबांचं एक फूल तोडून आणलं, त्यातली पिवळी पूड गाठीवाल्या फुलात अलगद फिरवली आणि मग पिशवी बांधून ओळखीला लाल दोरा लावला.

काकूंनी लांबून पाहणी केली. "हा पांढरा म्हंजे आयसोलेशन वॉर्ड. अन् हा लाल दोऱ्याचा?"

"हा... लग्न झालेला."

"मग मॅटर्निटी वॉर्ड म्हण नं, लाजतं कायले? शिकून राहिली नं तू?"

दुसऱ्या दिवशी बाबा मोरीजवळ तोंड धूत असताना त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. साऱ्या मांडवाला पांढऱ्या पट्ट्या. चूळ तशीच तोंडात ठेवून ते पाहत राहिले, मग थुंकून म्हणाले, "पंचफुलाबाई, वेलीले काय ॲक्सिडेंट झाला का?"

"झाला नं, भाऊ. तीन वर्षांपूर्वी. फेकून देलं होतं कोणीतरी. तवापासून उपचार चालू हाय."

बाबांना काही कळलं नाही, पण आपल्याला काहीतरी बोललं गेलं एवढं कळलं. ते टॉवेल झटकत आत गेले.

शामलाचं मात्र शाळेत लक्ष लागेना. पिशव्या उघडून पाहायचा मोह होत होता आणि काकू हात लावू देत नव्हत्या. "पेशंटले दर घंट्याले उठवत नसते." जया रोज विचारायची, "काय वं, पाळणा हलला का?" शामला रागवायची आणि मनातल्या मनात रविवार मोजायची. नाहीच फुगल्या गाठी तर? पावसानं पूड वाहून गेली असली तर? मग बाबा आयुष्यभर म्हणतील, बाई पुस्तकातलं सांगते. आणि शिंप्याचं घरटं फरशीखाली जाईल.

रविवार उजाडला. रामाजी मिस्त्री फरशीचा ठेला घेऊन दारात उभा राहिला. बाबांनी बनियनवर उपरणं टाकलं, कुदळ घेतली आणि ते मांडवाकडे निघाले. शामला आडवी आली.

"बाबा, थांबा. पुरावा तयार आहे. काकूंकडे चला."

"मी? तिच्या परसात?"

"अर्ज तोंडी चालत नाही म्हणाला होतात ना? मग चला, लेखी बघा."

आई कधी आत गेली आणि कधी चष्मा घेऊन आली ते कळलंच नाही. "हा लावून जा," ती म्हणाली. "आज तरी."

भिंतीला वळसा घालून सगळे काकूंच्या दारातून आत गेले. रामाजीही मागून आला, बसून तरी काय करणार? काकू ऑपरेशनला उभ्या राहतात तशा हातात छोटी कात्री घेऊन उभ्या होत्या. बाबांनी चष्मा चढवला. शामलाला एकदम जाणवलं की आपला आवाज पुन्हा गेल्या वर्षीसारखा बसतो आहे. ती खाकरली.

"ही पांढरी पिशवी. यात कोणी आलं नाही, गेलं नाही."

काकूंनी दोरा कापला. आतली गाठ पिवळी पडून सुरकुतली होती. बाबांनी बोट लावलं आणि ती देठापासून गळून पडली. दुसरी उघडली. तीही तशीच.

"आणि हा लाल दोरा. यात तुमच्या मांडवातल्या फुलाची पूड घातली होती. फक्त तुमच्या."

पिशवी सरकली. आत अंगठ्याच्या पेराएवढं, हिरवंगार, टरारलेलं काटेरी काटवल लोंबत होतं. दुसरीतही. तिसरीतही.

बाबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. काटवल तिथंच होतं. मग त्यांनी एक उमललेलं ताजं फूल स्वतः उचललं आणि त्याच्या खालची गाठ बराच वेळ पाहिली. ज्या गाठींना ते तीन वर्षं रोग म्हणत होते, त्यांना ते पहिल्यांदाच नीट बघत होते.

"अगं बाई," आई सावकाश म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं दरसाल तुम्ही सगळ्या बायकांना घराबाहेर काढून, नुसत्या पुरुषांचा संसार मांडून बसला होता? आणि वर विचारत होता, लेकरं काहून होत नाहीत?"

रामाजी मिस्त्रीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

पण महादेवराव काही असेतसे हेडक्लार्क नव्हते. क्षणभर ते गोरेमोरे झाले आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "थांबा. म्हंजे या बाईच्या घरी आजवर जी काटवलं लागली, ती आमच्या फुलाची! अर्धा वाटा आमचा निघतो यात. तीन वर्षांचा!"

"वा रे वा!" पंचफुलाकाकूंनी कात्री कमरेवर टेकवली. "लेक घरातून हाकलून द्याची अन् नातवंडं झाली का वाटा मागाले याचं! मी सांभाळल्या तुमच्या लेकी, भाऊ. पावसापाण्यात गल्लीत पडल्या होत्या."

बाबांनी चष्मा नीट बसवला. ते मांडवाखाली उभे राहिले, एका वेलीच्या बुडाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "चांगल्या वेली होत्या. मीच उपटल्या." हे ते कोणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. शामलाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मातीत वाकलेले बाबा तिला एकदम लहान वाटले.

"वाया नाई गेल्या," काकू म्हणाल्या, या वेळी टोचणी न लावता. "खाल्ली नं त्यायची काटवलं तुम्ही दर आठवड्याले. आवडीनं."

सगळे परत आले. रामाजी ठेल्याला टेकून म्हणाला, "मालक, फरशीचं काय कराचं मंग?"

आईनं लगेच तोंड उघडलं. चिखल काही नर-मादी पाहून येत नव्हता. "फरशी हवीच. मोरीपासून दारापर्यंत तरी."

"फरशीचं पाहू," बाबा म्हणाले. आपल्या मांडवाखाली आल्याबरोबर त्यांचा हुरूप परत आला होता. मान वर करून ते वेलींकडे बघत होते, डोळे बारीक करून, तशीच जुनी छाननीची नजर. "पण एक हाय. पुरावा तर पटला. मंग इतके नर कायले पोसाचे? एक ठेवला तरी पुरे. बाकीचे आत्ताच उपटून..." आणि त्यांनी वाकून बुडाला हात घातलासुद्धा.

"बाबा!"

शामला धुण्याच्या दगडावर चढली होती. तिथून तिला बाबांचं विरळ झालेलं डोकं दिसत होतं, दारातली आई दिसत होती, आणि वांग्याच्या पानातून शिंपी ओरडत होता तोही दिसत होता. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. या वेळी पहिली दोन वाक्यं ती विसरली नाही.

"आई, बाबा, दोघंही ऐका. मी ठरवलंय. आजपासून या परसाचा कारभार माझ्याकडे. आई, तुला मोरीपासून दारापर्यंत फरशी मिळेल, पण मांडवाखाली एक दगडसुद्धा जायचा नाही. बाबा, पाणी तुम्ही घालायचं, आळी तुम्ही करायची, वांग्यांशी गप्पाही खुशाल मारा. पण उपटायचं काय आणि ठेवायचं काय, ते इथून पुढे मी सांगेन. आता तो हात वेलीवरून काढा."